जाताना तोच वारा, येतानाही तोच

कॅरिबियन समुद्राचा नकाशा उघडला, की व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोरून निघून उत्तरेकडे गेलेली बेटांची एक लांबलचक कमान दिसते. खालून वर वाचत जावं : ग्रेनाडा, कॅरियाकू, बेक्विया, सेंट व्हिन्सेंट, सेंट लुशिया, मार्टिनिक, डोमिनिका, ग्वाडेलूप, अँटिगा. ग्रेनाडा ते अँटिगा हे अंतर सुमारे 300 सागरी मैल, म्हणजे साडेपाचशे किलोमीटर. यातली कितीतरी नावं क्रिकेटनं आपल्याला केव्हाच पाठ करून दिली आहेत. शिडाच्या बोटीनं या बेटावरून त्या बेटावर हिंडायचं ठरवलं, तर कुणीही आधी बघायच्या बेटांची यादी करील, ती रेघेनं जोडील आणि निघायची तारीख ठरवील. तिथले मुरलेले नावाडी मात्र बेटांच्या आधी वाऱ्याकडे बघतात. आणि तसं बघितलं की या समुद्राचं खरं नवल उलगडायला लागतं.

शिडाच्या बोटीला सगळ्या दिशा सारख्या नसतात. वाऱ्याच्या थेट तोंडावर ती जाऊच शकत नाही. साधारण 45 अंशांच्या आत तिला वारा पकडता येत नाही, शिडं नुसती फडफडत राहतात. त्या दिशेला जायचंच असेल तर कधी डावीकडे, कधी उजवीकडे असं तिरकं जात नागमोडी वाट काढावी लागते. 10 मैलांचे 14 मैल होतात, आणि बोट लाटांवर आपटत राहते ते वेगळंच. वारा अगदी पाठीमागून असला तर बोट दोन्ही अंगांना डुलत राहते. सगळ्यात सुखाचा आणि वेगाचा वारा म्हणजे बाजूनं येणारा, बोटीच्या कुशीवर लागणारा. बोट एका अंगाला जराशी कलते, शिडं भरतात आणि ती तासन् तास एका लयीत धावत राहते.

या बेटांच्या रांगेत वारा जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून येतो आणि रांग पसरली आहे दक्षिणोत्तर. म्हणजे उत्तरेला जाताना वारा उजव्या कुशीवर आणि दक्षिणेला परतताना तोच वारा डाव्या कुशीवर. आपल्या अरबी समुद्रावर असं नाही. कोकणातून मस्कतला किंवा आफ्रिकेला जाणारी जुनी गलबतं एका मोसमात जायची आणि वारा फिरेपर्यंत महिनोन् महिने थांबून दुसऱ्या मोसमात परतायची. कॅरिबियनमध्ये वारा फिरण्याची वाट बघावी लागत नाही. एकाच वाऱ्यावर जाताही येतं आणि परतही येतं.

वारा आणि बेटं, दोघांची वेगळी कहाणी

हे जुळून कसं आलं, हे समजून घेताना मन थक्क होतं.

आधी वारा. विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर चढते, उंचावरून उत्तरेकडे सरकते, साधारण 30 अंश अक्षांशाजवळ खाली उतरते आणि समुद्राच्या पाठीवरून पुन्हा विषुववृत्ताकडे निघते. पृथ्वी फिरत असल्यामुळे ही परतणारी हवा उजवीकडे, म्हणजे पश्चिमेकडे वळते. शाळेच्या भूगोलात भेटलेले व्यापारी वारे ते हेच. आफ्रिकेचा किनारा सोडल्यावर या बेटांपर्यंत त्यांना अडवायला जमीनच नाही, म्हणून त्यांचा जोर टिकून राहतो. साधारण 15 ते 20 नॉट, म्हणजे ताशी 28 ते 37 किलोमीटर. युरोपातून निघणारे शिडाचे खलाशी पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत, की लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला जा आणि मग पश्चिमेला वळा. लोणी वितळू लागलं म्हणजे या वाऱ्यांचा पट्टा आला. आजही दर वर्षी नोव्हेंबरात कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून शेकडो बोटी निघतात आणि सुमारे 2,700 सागरी मैल कापून सेंट लुशियाच्या रॉडनी बे बंदरात पोहोचतात. हाच वारा सहारा वाळवंटातली धूळही उचलून आणतो. कॅरिबियनमध्ये नांगरलेल्या बोटींच्या पांढऱ्या फळ्यांवर कधीकधी तांबूस थर साचतो, तो आफ्रिकेच्या मातीचा.

आता बेटं. अटलांटिकच्या तळाचं भूपट्ट वर्षाला सुमारे 2 सेंटीमीटर या गतीनं पश्चिमेकडे सरकत कॅरिबियन भूपट्टाखाली घुसतं आहे. खोलवर गेल्यावर खडक वितळतो, वर येतो आणि ज्वालामुखींची एक रांग उभी करतो. भूपट्टाची टक्कर पूर्व-पश्चिम, म्हणून ज्वालामुखींची रांग दक्षिणोत्तर. रांग आजही जिवंत आहे. 8 मे 1902 रोजी मार्टिनिकवरच्या माँ पेले पर्वतानं काही मिनिटांत सेंट पियेर शहर आणि त्यातली 28 हजारांच्या आसपास माणसं संपवली. माँटसेराटची राजधानी प्लिमथ 1995 नंतरच्या उद्रेकांत राखेखाली गाडली गेली. एप्रिल 2021 मध्ये सेंट व्हिन्सेंटचा सूफ्रिएर फुटला.

वाऱ्याला चालवतो सूर्य आणि पृथ्वीचं भ्रमण. बेटांना वर आणते पृथ्वीच्या पोटातली उष्णता. दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. तरीही वाऱ्याला बरोबर आडवी अशी ही रांग उभी राहिली, आणि तीही एका दिवसात एका बेटावरून दुसऱ्यावर जाता येईल अशा अंतरानं. सेंट व्हिन्सेंट ते सेंट लुशिया सुमारे 40 किलोमीटर, मार्टिनिक ते डोमिनिका जवळपास तेवढंच. डोमिनिकाचा मॉर्न दियाब्लोतें हा डोंगर 1,447 मीटर उंच आहे. हवा स्वच्छ असेल तर एवढा डोंगर सव्वाशे किलोमीटरहूनही अधिक लांबून क्षितिजावर दिसू शकतो. म्हणूनच या रांगेत मागचं बेट दिसेनासं व्हायच्या आधी पुढचं दिसायला लागतं. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी ओरिनोको नदीच्या मुखाकडून लोक झाडाचं खोड कोरून केलेल्या होड्या वल्हवत इथे आले, ते याच पायऱ्यांनी उत्तरेकडे सरकत गेले. त्या होड्यांचं गोमिए नावाचं झाड डोमिनिकाच्या जंगलात आजही आहे आणि तिथले मूळचे कालिनागो लोक आजही त्यातून होड्या कोरतात.

आधी महिना, मग दिशा

आता आराखडा करायला घेऊ. पहिला प्रश्न महिन्याचा.

1 जून ते 30 नोव्हेंबर हा इथला चक्रीवादळांचा काळ. 29 जून 2024 रोजी रोहित शर्माच्या संघानं बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला आणि नंतर तो तिथेच अडकून पडला, हे आपल्याला आठवत असेल. त्यांना अडवणारं वादळ म्हणजे 'बेरिल'. 1 जुलैला ते कॅरियाकू बेटावर आदळलं आणि त्या छोट्याशा बेटावर फारसं काही उभं राहिलं नाही. भारतीय खेळाडू 4 जुलैला मायदेशी परतले. कॅरियाकूच्या लोकांना घरं आणि होड्या पहिल्यापासून उभारायला घ्याव्या लागल्या. विंडवर्ड नावाच्या तिथल्या गावात पिढ्यान् पिढ्या समुद्रकाठच्या वाळूतच लाकडी शिडाच्या होड्या बांधल्या जातात.

ग्रेनाडा इतकं दक्षिणेला आहे, की वादळं तिथपर्यंत येत नाहीत असं पूर्वी धरून चालत. 1955 च्या 'जॅनेट' वादळानंतर जवळजवळ 50 वर्षं तो भरवसा टिकला. सप्टेंबर 2004 मध्ये 'आयव्हन' आलं आणि बेटावरची बहुतेक घरं मोडली. सुरक्षित म्हणून तिथे ठेवलेल्या कितीतरी बोटीही गेल्या. म्हणून हिंडण्याचा काळ डिसेंबर ते मे, ही या आराखड्यातली न हलणारी ओळ.

पण हे सहा महिनेही एकसारखे नसतात. डिसेंबर-जानेवारीत वारा ईशान्येकडे झुकतो आणि जोर धरतो. 25 ते 30 नॉटचे हे वारे दिवसेंदिवस थांबत नाहीत. तिथले लोक त्यांना ख्रिसमसचे वारे म्हणतात. एप्रिल-मेपर्यंत ते नरमतात आणि आग्नेयेकडे सरकतात. आता नकाशा पुन्हा बघा. बेटांची कमान मधोमध पूर्वेला फुगलेली आहे. मार्टिनिकचा दक्षिण किनारा ग्रेनाडापेक्षा सुमारे 80 किलोमीटर पूर्वेला आहे. म्हणजे ग्रेनाडाहून वर जाणारा उत्तरेबरोबर थोडा पूर्वेलाही जात असतो, वाऱ्याच्या तोंडाजवळ. वारा ईशान्येचा असेल तर ही वाट छळते. मार्टिनिकहून खाली येताना तोच वारा पाठीशी उभा राहतो. म्हणून जानेवारीत वरून खाली, ग्रेनाडाकडे यावं. ग्रेनाडाहून वर जायचं असेल तर वारा आग्नेयेचा होईपर्यंत, एप्रिलपर्यंत थांबावं. अंतर तेच, बेटं तीच. नुसती दिशा आणि महिना जुळवला की प्रवासाचा स्वभाव बदलतो.

चार देश, 160 मैल

जानेवारी अखेरीची एक वाट आखून बघू. मार्टिनिकच्या दक्षिण टोकाला ल मारें नावाचं आतवर शिरलेलं बंदर आहे. भाड्यानं बोटी देणाऱ्यांचा तो मोठा तळ. तिथून बाहेर पडलं की पश्चिमेला समुद्रातून सरळ वर आलेला 175 मीटर उंचीचा डायमंड रॉक दिसतो. 1804 मध्ये ब्रिटिशांनी या खडकाच्या माथ्यावर तोफा चढवल्या, वर खलाशी बसवले आणि आरमारात त्याची नोंद चक्क जहाज म्हणून केली. पुढच्या वर्षी फ्रेंचांनी तो परत जिंकला.

पहिला टप्पा सेंट लुशियाचा, रॉडनी बे, सुमारे 25 मैल. दुसरा त्याच बेटाच्या पश्चिम किनाऱ्यानं खाली, पितों नावाच्या दोन सुळक्यांच्या पायथ्याशी, 15 मैल. तिसरा सगळ्यात लांब, सेंट व्हिन्सेंटला डावीकडे ठेवून बेक्वियापर्यंत, 50 मैल. मग टोबॅगो केज, 25 मैल. तिथून युनियन, कॅरियाकू आणि शेवटी ग्रेनाडाचं सेंट जॉर्जेस. एकंदर 160 मैलांच्या आसपास.

एवढ्यात चार देश होतात. मार्टिनिक हा फ्रान्सचाच भाग, तिथे युरो चालतो. पुढे सेंट लुशिया, सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनाडा ही तीन स्वतंत्र राष्ट्रं आहेत, पण चलन एकच, पूर्व कॅरिबियन डॉलर. 1976 पासून 2.70 डॉलरला एक अमेरिकी डॉलर हा त्याचा दर बदललेला नाही. नव्या देशाच्या पाण्यात शिरलं की डोलकाठीजवळ पिवळा झेंडा चढवायचा, कप्तानानं कागदपत्रं घेऊन कस्टमच्या कचेरीत जायचं, परवानगी मिळाली की पिवळा उतरवून त्या देशाचा झेंडा लावायचा. ही कचेरी प्रत्येक बेटावर नसते. म्हणून कोणत्या बेटावरून देश सोडायचा आणि कोणत्यावर पुढच्या देशात शिरायचं, हेही आराखड्यातच ठरवावं लागतं. पेटिट सेंट व्हिन्सेंट आणि पेटिट मार्टिनिक ही दोन चिमुकली बेटं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत, पण सरहद्द नेमकी त्यांच्या मधून जाते.

शेवटच्या टप्प्यावर, ग्रेनाडाच्या उत्तरेला 8 किलोमीटरवर नकाशात एक वर्तुळ काढलेलं असतं. त्याखाली किक-एम-जेनी हा समुद्राच्या पोटातला ज्वालामुखी आहे. त्याचा माथा पाण्याखाली पावणेदोनशे मीटरच्या आसपास आहे. 1939 मध्ये त्याचा उद्रेक झाला तेव्हा तो जगाला कळला. एरवी दीड किलोमीटर आणि इशारा वाढला की 5 किलोमीटर लांबून जायचं, असा नियम आहे. धोका नुसत्या स्फोटाचा नाही. ज्वालामुखीतून वायूचे बुडबुडे मोठ्या प्रमाणात वर आले तर पाण्याची घनता कमी होते आणि तरंगणारी बोट तरंगेनाशी होऊ शकते.

एका दिवसाचा हिशेब

या वाटेवरचा बेक्वियाचा दिवस जवळून बघण्यासारखा आहे. पितोंच्या पायथ्याहून उजाडता निघावं लागतं. उंच बेटाच्या पश्चिमेला वारा पोहोचतच नाही, डोंगर तो अडवतात. समुद्र तेलासारखा सपाट, शिडं लोंबकळलेली. पहाटे डोंगरावरून थोडा मतलई वारा उतरतो, तोही ऊन चढल्यावर विरतो. बोट इंजिनावर चालते. अशा वेळी नवख्याला वाटतं, सगळी शिडं उभारावी. जाणता मात्र पाणी सपाट असतानाच शिडं आखडून लहान करून ठेवतो. कारण बेटाचं टोक संपतं तिथे वारा एकदम अंगावर येतो, आणि डोंगराला वळसा घालताना दाबला गेल्यामुळे तो मोकळ्या समुद्रापेक्षाही जोरदार असतो. त्याच्याबरोबर येतात अटलांटिकच्या लांब, उंच लाटा. पाच मिनिटांपूर्वी चहाचा कप ठेवता येत होता तिथे आता दोन्ही हातांनी धरून उभं राहावं लागतं.

खाडी ओलांडताना आणखी एक गोष्ट गुपचूप चाललेली असते. दोन बेटांमधून समुद्राचा प्रवाह पश्चिमेकडे वाहतो, साधारण ताशी एक मैल. ओलांडायला चार तास लागले तर बोट चार मैल पश्चिमेला सरकलेली असते, आणि ते भरून काढायचे म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर जायचं. म्हणून पहिल्यापासूनच टोकाच्या पूर्वेला, वाऱ्याच्या बाजूला रोख धरायचा. खूण सोपी आहे. समोरचं टोक आणि त्यामागचा एखादा डोंगर एका रेषेत धरायचा. टोक डोंगराच्या डावीकडे सरकायला लागलं, की प्रवाह बोटीला उजवीकडे ओढतो आहे हे कळतं. सॅटेलाइटचं यंत्र हेच सांगतं, पण डोळ्यांना ते आधी दिसतं.

संध्याकाळी मुक्काम पश्चिम किनाऱ्यावर, बेटाच्या आडोशाला. हिवाळ्यात इथेही सावध राहावं लागतं. हजारो किलोमीटरवर उत्तर अटलांटिकमध्ये झालेल्या वादळाच्या लाटा दोन-तीन दिवसांनी उत्तरेकडून येतात आणि शांत बंदरातल्या बोटी रात्रभर हेलकावत ठेवतात. एरवी नांगरलेल्या सगळ्या बोटींची नाळ वाऱ्याकडे, म्हणजे पूर्वेला असते. त्यामुळे बसायची मागची बाजू आपोआप पश्चिमेला येते, आणि रोजचा सूर्यास्त बरोबर समोर.

टोबॅगो केज इथे तर घड्याळही आराखड्यात येतं. पाच निर्मनुष्य बेटं आणि त्यांच्या पूर्वेला नालाच्या आकाराची प्रवाळाची भिंत. 1997 पासून हे संरक्षित सागरी उद्यान आहे. प्रवाळाच्या खडकांतून वाट काढायची ती पाण्याच्या रंगावरून : गडद निळं म्हणजे खोल, फिरोजी म्हणजे खाली पांढरी वाळू आणि थोडं पाणी, तपकिरी म्हणजे प्रवाळ, आणि तिथे बोट न्यायची नाही. पण सूर्य समोर आणि खाली असेल तर पाणी नुसतं चमकतं, रंग दिसतच नाहीत. आत शिरताना तोंड पूर्वेला असतं, म्हणून सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी हवा. म्हणजे 11 ते 3 या वेळेत पोहोचायचं, आणि त्याप्रमाणे मागचं बंदर सोडायचं.

आत नांगर टाकल्यावर जे दिसतं ते इतर कुठल्या मुक्कामावर दिसत नाही. वारा पुरेपूर अंगावर येतो, कारण पूर्वेला आता आफ्रिकेपर्यंत साडेचार हजार किलोमीटरहून जास्त नुसता समुद्र आहे. तरीही पाणी जवळजवळ शांत. प्रवाळाच्या भिंतीवर लाटा फुटताना समोर दिसतात आणि अलीकडे त्यांचा जोर उरत नाही. नांगर वाळूत रुतला का, हे बघायला पाण्यात उतरावं तर बाराडाल बेटाजवळ हिरवी कासवं तळाचं समुद्रगवत चरत असतात. इवल्या प्रवाळजीवांनी बांधलेली ही भिंत अटलांटिकला थोपवते, म्हणून तिच्यावर नांगर टाकणं हा गुन्हा मानायला हवा. तो फक्त वाळूतच पडला पाहिजे.

वाटेबाहेरचं बेट

या यादीत बार्बाडोस नाही. ते मुख्य रांगेतलं नाहीच. सेंट व्हिन्सेंटच्या पूर्वेला सुमारे 160 किलोमीटरवर ते एकटं आहे, नेमकं वाऱ्याच्या तोंडावर. बाकीची बेटं फ्रेंच आणि इंग्रजांच्या लढायांत हात बदलत राहिली. बार्बाडोस मात्र 1627 ते 1966 इंग्रजांकडेच राहिलं, आणि त्यात वाऱ्याचा मोठा वाटा होता. पश्चिमेकडून हल्ला करायला येणाऱ्या शिडाच्या आरमाराला दिवसेंदिवस वाऱ्याशी झुंजत तिथे पोहोचावं लागे.

पण जिथे बोट सहज जात नाही तिथे राख गेली. 1812 मध्ये सेंट व्हिन्सेंटचा सूफ्रिएर फुटला तेव्हा बार्बाडोसवर राखेचा पाऊस पडला. व्यापारी वारे पूर्वेकडून वाहत असताना राख पूर्वेला कशी गेली? 1902 मध्ये पुन्हा तेच झालं, 2021 मध्येही. कारण काही किलोमीटर उंचीवर वारा उलटा, पश्चिमेकडून वाहतो. ज्वालामुखीनं राख तिथवर फेकली आणि वरच्या वाऱ्यानं ती उचलून नेली. शिडाच्या बोटीला मात्र खालच्या वाऱ्यातच वाट काढावी लागते.

म्हणून या समुद्रातल्या प्रवासाचा आराखडा म्हणजे तारखांचं कोष्टक असू शकत नाही. महिना, दिशा, रोज निघायची वेळ आणि प्रवाळाच्या पाण्यात शिरायची वेळ, या चार गोष्टी पक्क्या कराव्यात आणि बाकीचं सैल सोडावं. ख्रिसमसचे वारे चार दिवस थांबले नाहीत तर बेक्वियात चार दिवस राहावं. इथली सगळ्यात मोठी जोखीम म्हणजे न बदलता येणारी तारीख. परतीचं विमान चुकेल या भीतीनं माणसं नको त्या दिवशी खाडीत उतरतात. शेवटचं बेट आणि विमान यांच्यात दोन-तीन मोकळे दिवस ठेवले, की मग या वाऱ्याला घाई करायची वेळच येत नाही. आफ्रिकेपासून अखंड वाहत आलेला वारा आणि लाखो वर्षांत समुद्रातून वर आलेली बेटं यांनी इथे आपल्यासाठी दोन्ही दिशांची वाट मोकळी ठेवली आहे. तिच्यावरून तिच्या मर्जीनं जावं, यात कमीपणा नाही. उलट एवढी अचूक रचना स्वतः अनुभवता येणं, याहून मोठं भाग्य प्रवाशाला दुसरं कुठलं हवं?